पत्ता एकच, आपली ढाबळ

चिठ्ठी घेऊन निघालेलं कबूतर ज्याला निरोप द्यायचा त्याच्या दारी जातं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते फक्त स्वतःच्या ढाबळीत परततं. त्यामुळे कटकला निरोप धाडायचा तर कटकची कबुतरं आधी निरोप निघणार तिथे नेऊन ठेवावी लागत. ओडिशा पोलिसांची कबूतर-सेवा अशीच चाले. १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या २०० कबुतरांवर ती सुरू झाली. पातळ कागदावरचा मजकूर गुंडाळून इवल्याशा नळीत भरायचा, नळी पायाला बांधायची आणि पक्षी सोडून द्यायचा. १९४८ साली पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप पाठवला तो असाच. १९९९च्या महाचक्रीवादळात संपर्काच्या तारा तुटल्या तेव्हाही ही कबुतरं कामाला आली. २००८मध्ये सेवा बंद झाली.

पण बंद टोपलीतून अनोळखी मुलखात नेलेला पक्षी घरी येतो कसा? त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: आपण घराच्या कोणत्या बाजूला आहोत, आणि घराची दिशा आकाशात कुठे आहे.

दिशा कळते सूर्यावरून. सूर्य दिवसभर सरकत असतो, म्हणजे वेळेचं भानही हवंच. जर्मन शास्त्रज्ञांनी ते फार सुंदर रीतीने सिद्ध केलं. कबुतरांना काही दिवस बंद खोलीत ठेवून दिव्यांची वेळ सहा तास पुढे सरकवली आणि मग त्यांना उन्हात सोडलं. समजा, खरे सकाळचे सहा वाजलेत, पण कबुतराच्या शरीरातल्या घड्याळात दुपारचे बारा आहेत. सूर्य असतो पूर्वेला. ते समजतं दक्षिणेला. घर उत्तरेला, म्हणून ते सूर्याकडे पाठ करून उडतं आणि निघतं पश्चिमेला! चूक जवळजवळ ९० अंशांची, हिशेबात बसणारी. इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग मला दुसरा आठवत नाही.

ढगाळ दिवशी काय? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या पाठीवर छोटे लोहचुंबक चिकटवले. ऊन असताना ती बिनचूक निघाली, ढगाळ दिवशी मात्र भरकटली. पितळेची पट्टी लावलेली कबुतरं ढगांतही घराच्या दिशेने गेली. म्हणजे सूर्य नसला की पृथ्वीचं चुंबकत्व उपयोगी पडतं. ते कोणत्या अवयवाला जाणवतं, यावर अजून वाद आहे. चोचीतल्या लोहयुक्त पेशींवर बराच भरवसा होता. २०१२मध्ये त्या रोगप्रतिकारक पेशी निघाल्या.

आपण कुठे आहोत, हे कळण्यात मोठा वाटा वासाचा आहे. इटलीत पिसा इथे फ्लोरिआनो पापी यांनी कबुतरांच्या वासाच्या मज्जातंतू कापल्या, तेव्हा अनोळखी जागेवरून त्यांना घर सापडेना. ढाबळीत वाढणारं पिल्लू कोणत्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो हे शिकत जातं. पुढे दूर नेल्यावर तिथल्या हवेच्या वासावरून ते आपण घराच्या कोणत्या अंगाला आहोत हे ताडतं.

ओळखीचा टापू आला की डोळ्यांचं काम सुरू होतं. रोमच्या आसपास कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बांधून त्यांचे मार्ग नोंदवले गेले. अनेक पक्षी सरळ घराकडे न जाता महामार्गाच्या कडेने उडत होते, जरी ती वाट लांबची होती.