जंगलाच्या आधीचे जांगल

आज ‘जंगल’ म्हटले की घनदाट झाडी आणि ओलसर सावली डोळ्यांसमोर येते. परंतु हा शब्द ज्या संस्कृत ‘जांगल’वरून आला, तो अगदी वेगळ्या भूमीचा वाचक होता. सुश्रुतसंहितेतील जांगल देश आकाशासारखा सपाट, विरळ व काटेरी खुरट्या झाडांचा, कमी पावसाचा, झरे-विहिरींना बेताचे पाणी असणारा आणि उष्ण, बोचऱ्या वाऱ्यांचा आहे. पाणथळ, दाट झाडीचा प्रदेश ‘आनूप’ या वेगळ्याच नावाने येतो. जांगल ओसाड मानले जात असे, असेही नाही. राजाने धान्यसंपन्न जांगल प्रदेशात राहावे, असे मनुस्मृती सांगते.

या वर्णनाशी आजच्या परिसंस्थाशास्त्रातील ‘सव्हाना’, म्हणजे सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडे, बरीच जुळते. सोलापूर, अहिल्यानगरकडचे माळ याच जातीचे आहेत. तेथील मारवेल, कुसळी यांसारखी गवते ‘सी-४’ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. ती पानातील विशिष्ट पेशींमध्ये कार्बन डायऑक्साइड एकवटतात, त्यामुळे कडक उन्हातही थोड्या पाण्यावर त्यांची वाढ चांगली होते. मात्र या एकवटण्यासाठी जादा ऊर्जा लागते आणि ती भरपूर प्रकाशाखेरीज मिळत नाही. म्हणूनच झाडांचे छत मिटले की ही गवते मागे हटतात, आणि त्यांच्यावर जगणारे काळवीट, माळढोक व तणमोर यांनाही तेथे थारा उरत नाही.

सव्हाना म्हणजे तोडीमुळे बिघडलेले अरण्य, हा समज अजून पक्का आहे. पश्चिम महाराष्ट्रापुरते तरी त्याविरुद्ध चांगले पुरावे मिळाले आहेत: संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रे आणि कथांतून रानवनस्पतींचे उल्लेख वेचले, तेव्हा त्यांत मोकळ्या, उन्हाळ माळावरच्या जाती मोठ्या प्रमाणात आढळल्या. हे माळ कित्येक शतके जुने आहेत.

तरीही शासकीय नोंदींत असे पुष्कळसे माळ ‘पडीक’ ठरतात आणि वनीकरणासाठी निवडले जातात. खड्डे खणताना गवताची बहुवार्षिक मुळे उखडतात, पुढे गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची सावली पडते. आणि नंतर झाडे काढली तरी मूळचे गवत परतायला अनेक वर्षे लागतात.