मेकोनियम श्वासविकारातील स्टेरॉइड उपचार

गर्भाशयात किंवा जन्मताना मेकोनियममिश्रित गर्भजल श्वासमार्गात ओढले गेल्याने नवजात बालकास जो श्वसनविकार होतो, त्यातील फुप्फुसदाह शमविण्यासाठी केलेला कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांचा उपयोग. मेकोनियम म्हणजे बाळाची काळपट हिरवी, चिकट पहिली शी. ‘बाळाने पोटात शी गिळली’ असे घरोघरी म्हटले जात असले, तरी अपाय होतो तो जठरात नव्हे, फुप्फुसात. मेकोनियम हा शब्द खसखशीच्या झाडाच्या ग्रीक नावावरून आला. हे नाव अफूशी असलेल्या रंगसाम्यामुळे पडले की हा पदार्थ गर्भाला झोपवतो या समजुतीमुळे, याविषयी मतभेद आहेत. ते ॲरिस्टॉटलने दिले असे परंपरेने सांगितले जाते. रंगसाम्याचे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

मेकोनियममुळे श्वासनलिका तुंबतात, वायुकोश उघडे ठेवणारे सरफॅक्टंट निष्प्रभ होते आणि काही तासांत रासायनिक दाह सुरू होतो. दाहकारक द्रव्ये वाढून फुप्फुसांतील रक्तदाबही चढू शकतो. स्टेरॉइडचा विचार या दाहापुरताच आहे. तुंबलेली नळी त्याने मोकळी होत नाही. अकाली प्रसूतीच्या शक्यतेत मातेला दिली जाणारी स्टेरॉइड इंजेक्शने (संशोधक लिगिन्स व हॉवी, 1972) हा सर्वस्वी वेगळा उपचार असून त्याच्याशी याची गल्लत करू नये.

परिणामाविषयीचा पुरावा एकमुखी नाही. ‘ये’ आडनावाच्या संशोधकाने व सहकाऱ्यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित चाचणीत हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलेल्या बालकांना बाहेरील प्राणवायूशिवाय राहू लागण्यास उलट अधिक वेळ लागला. 2003 च्या कॉक्रेन समीक्षेला (उपलब्ध चाचण्यांचा पुरावा एकत्र तपासणाऱ्या आढाव्याला) निकषांत बसणाऱ्या केवळ दोन लहान चाचण्या मिळाल्या, त्यांतील बालके मिळून 85. मृत्युप्रमाणात फरक आढळला नाही आणि नेहमीच्या वापराची शिफारस झाली नाही. यानंतर वाराणसी व दिल्ली येथील डॉक्टरांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून किंवा बुडेसोनाइड हे स्टेरॉइड नेब्युलायझरमधून (औषधाचे तुषार श्वासातून देणाऱ्या यंत्रातून) दिल्यास प्राणवायूची गरज व रुग्णालयातील मुक्काम कमी झाल्याचे नोंदले गेले. या निष्कर्षांतील तफावतीमागे औषध व मात्रा यांतील भेद असावा. तथापि चाचण्या लहान असल्याने भारतीय निष्कर्ष आश्वासक मानावेत, निर्णायक नव्हेत.

रक्तशर्करा व रक्तदाब वाढणे आणि जंतुसंसर्गाची शक्यता हे स्टेरॉइडचे ज्ञात धोके होत. अशा बालकांपैकी काहींना जन्मताना प्राणवायूच्या अभावाने मेंदूची इजाही झालेली असते, आणि म्हणून सावधगिरी विशेष आवश्यक ठरते. प्राणवायू, कृत्रिम श्वसन, निवडक बालकांत सरफॅक्टंट आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढल्यास श्वासातून नायट्रिक ऑक्साइड वायू हेच उपचाराचे मुख्य अंग आहे. इतर उपायांना न जुमानणाऱ्या कमी रक्तदाबासाठी हायड्रोकॉर्टिसोन देतात, परंतु त्याचा हेतू वेगळा असतो.