अमेरिकेतील राज्यस्तरीय मताधिकार-संरक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मतदानाचा हक्क टिकवण्यासाठी व तो अधिकाधिक नागरिकांपर्यंत पोहोचवण्यासाठी घटक राज्यांनी केलेले कायदे, राज्यघटनांतील दुरुस्त्या आणि प्रशासकीय व्यवस्था यांचा या विषयात समावेश होतो. भारतात लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या मतदारयाद्यांपासून मतमोजणीपर्यंतचे काम एकाच निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली चालते. अमेरिकेत मात्र संघराज्याच्या घटनेने संसदीय निवडणुकांची वेळ, स्थळ व पद्धत ठरवण्याचा अधिकारही प्रथम राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवला असून त्यात फेरफार करण्याची मुभा तेवढी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिली आहे. वंश (१५वी दुरुस्ती, १८७०), लिंग (१९वी, १९२०) किंवा अठरा वर्षांवरील नागरिकाचे वय (२६वी, १९७१) या कारणांवरून मत नाकारता येत नाही, एवढे घटना सांगते. नाव कोणत्या तारखेपर्यंत नोंदवायचे, कोणते ओळखपत्र चालेल, टपालाने मत देता येईल की नाही, शिक्षा भोगून आलेल्याला पुन्हा मत केव्हा मिळेल, हे बहुतांशी राज्ये ठरवतात. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडली की त्याच नागरिकाचा तोच हक्क सोपा किंवा अवघड होतो.

राज्यांचा या बाबतीतला इतिहास दुहेरी आहे. वायोमिंगने, ते अद्याप राज्य नसून प्रदेश असताना, १८६९ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. जॉर्जियाने १९४३ मध्येच मतदानाचे वय अठरावर आणले. त्याच जॉर्जियासह दक्षिणेकडील राज्यांनी मतदान-कर आणि साक्षरता-चाचण्यांच्या आडून कृष्णवर्णीयांना कित्येक दशके मतदारयादीबाहेर ठेवले. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे एडमंड पेटस पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संघराज्याच्या मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याचा कणा म्हणजे पूर्वमंजुरीची अट. भेदभावाचा इतिहास असलेल्या प्रदेशांना निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल, अगदी मतदान केंद्र हलवायचे असले तरी, आधी केंद्र सरकारच्या न्याय खात्याकडून किंवा राजधानी वॉशिंग्टनमधील न्यायालयाकडून संमत करून घ्यावा लागे. अन्याय होऊन गेल्यावर दाद मागण्यापेक्षा तो होण्यापूर्वीच अडवणारी ही व्यवस्था होती, आणि तिचे मोल तिच्या जाण्यानंतर अधिक कळले. २५ जून २०१३ रोजी शेल्बी काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, कोणत्या प्रदेशांना ही अट लागू होईल हे ठरवणारे सूत्रच रद्द केले, आणि त्यामुळे ती अट निष्प्रभ झाली. छायाचित्र असलेल्या ओळखपत्राचा अडलेला कायदा आता अमलात येईल, असे टेक्सासने त्याच दिवशी जाहीर केले.

यानंतर राज्यांच्या स्वतःच्या मताधिकार कायद्यांना महत्त्व आले. यांतील पहिला कायदा कॅलिफोर्नियाचा असून तो २००२ मध्येच संमत झाला होता. त्याचा रोख नगरपरिषदांमधील एका विशिष्ट पद्धतीवर आहे. शहराचे प्रभाग न पाडता सर्व सदस्य सबंध शहरातून निवडले, तर बहुसंख्य गट एकजुटीने मत देऊन प्रत्येक जागा जिंकू शकतो, आणि अल्पसंख्याकांची मते मोजली जाऊनही वाया जातात. मोडेस्टो शहरात असेच घडत होते. तेथे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, रहिवासी एक चतुर्थांशाहून अधिक होते, पण १९११ पासून त्यांच्यातील एकच व्यक्ती परिषदेवर निवडून आली होती. २००६ मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला आणि पुढे शहराने प्रभागवार निवडणूक स्वीकारली. वॉशिंग्टन (२०१८), ओरेगन (२०१९), व्हर्जिनिया (२०२१), न्यूयॉर्क (२०२२), कनेक्टिकट (२०२३), मिनेसोटा (२०२४) आणि कोलोरॅडो (२०२५) यांनी आपापले कायदे केले. न्यूयॉर्कच्या कायद्याला सेल्माच्या पुलावर डोके फुटलेले नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांचे नाव दिले असून त्यात राज्यापुरती पूर्वमंजुरीची अट पुन्हा आणली आहे. मात्र २०१३ पूर्वी जी नऊ राज्ये संपूर्णपणे पूर्वमंजुरीखाली होती, त्यांपैकी केवळ व्हर्जिनियाने असा कायदा केला आहे. अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, जेथे संरक्षणाची गरज सर्वाधिक होती, तेथे ते नाही, आणि राज्यांवर विसंबण्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

मताधिकाराचा विस्तार मुख्यतः नोंदणीच्या मार्गाने झाला. मेन, मिनेसोटा व विस्कॉन्सिन यांनी १९७० च्या दशकात मतदानाच्याच दिवशी नाव नोंदवण्याची सोय केली. ओरेगनमध्ये २०१६ पासून वाहन-परवान्याच्या कार्यालयात आलेल्या पात्र नागरिकाचे नाव, त्याने नकार न दिल्यास, आपोआप यादीत जाते. नॉर्थ डकोटात तर नोंदणीच नाही.

गुन्हा सिद्ध झालेल्यांच्या बाबतीत राज्याराज्यांतील अंतर फार मोठे आहे. मेन व व्हरमाँटमध्ये कैदीही मत देतात. फ्लोरिडात शिक्षा पूर्ण केलेल्यांनाही मत नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील सुमारे ६४ टक्के मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून, खून व लैंगिक गुन्हे वगळता, अशा सर्वांना ते परत दिले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने शिक्षेसोबतचा दंड व न्यायालयीन शुल्क भरल्याशिवाय शिक्षा पूर्ण झाली असे मानता येणार नाही, असा कायदा केला, आणि २०२० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला. कोणाकडे किती थकबाकी आहे हे एका ठिकाणी सांगणारी नोंदवही राज्याकडे नव्हती. ६७ काउंट्यांच्या न्यायालयीन दफ्तरांत, कधी अनेक वर्षांपूर्वीच्या कागदांत, ती शोधणे अर्जदारावर आले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने अपात्र असताना मत दिल्याच्या आरोपावरून २० जणांना अटक केल्याचे जाहीर केले. वगळलेल्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या या माणसांपैकी अनेकांची नोंदणी सरकारी यंत्रणेने स्वीकारली होती आणि त्यांच्या घरी मतदार-पत्रही पोहोचले होते.