चित्र की साधना? हिल्मा आफ क्लिंत वादाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमधल्या आधुनिक कलेच्या एका नामांकित संग्रहालयाने डिसेंबर २०१२ मध्ये अमूर्त चित्रकलेच्या उगमावर मोठे प्रदर्शन भरवले. त्याचा काळ १९१० ते १९२५ असा ठरवलेला होता, त्यात कांदिन्स्की, कुप्का, मालेविच आणि मोन्द्रियान हे चित्रकार ठळकपणे होते, आणि चित्रांच्या जोडीला त्या काळातल्या संगीतालाही जागा दिलेली होती. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंत (१८६२–१९४४) यांचे मात्र एकही चित्र तिथे नव्हते, आणि त्यांनी तर १९०६ मध्येच, म्हणजे प्रदर्शनाच्या आरंभवर्षाच्या चार वर्षे आधी, कोणत्याही दृश्य वस्तूचे चित्रण नसलेली चित्रे काढायला सुरुवात केली होती. कलेत अध्यात्माला कोणते स्थान द्यायचे यावर गेली दहा-बारा वर्षे जो वाद चालला आहे, त्यातला बराचसा या एका निर्णयाभोवती फिरतो.

वादाची मुळे जुनी आहेत आणि त्यातले एक मुंबईतही सापडते. सर्व धर्मांमागचे गूढ सत्य शोधू पाहणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचे मासिक तिथूनच निघू लागले, आणि मद्रासजवळच्या अड्यारला बिऱ्हाड हलेपर्यंत, म्हणजे १८८२ च्या अखेरपर्यंत, या चळवळीचे मुख्य ठाणे मुंबईच होते. पुढे याच वर्तुळातून मनातल्या भावनांना आणि विचारांना रंग-आकार असतात असे सांगणारे एक सचित्र पुस्तक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाले. त्यात मेंडेलसोन, गुनो आणि वाग्नर यांचे संगीत वाजत असताना चर्चच्या इमारतीवर उमटणाऱ्या आकृत्या रंगवून दाखवल्या होत्या. चित्रकला म्हणून त्या आकृत्या सामान्यच म्हणाव्या लागतील, परंतु नाद दिसू शकतो आणि त्याचे चित्र वस्तूंशिवायही काढता येते, हा विचार त्यांनी युरोपभर पोहोचवला.

कांदिन्स्की यांनी १९११ च्या अखेरीस म्युनिकमध्ये प्रसिद्ध केलेल्या कलेतील आध्यात्मिकतेवरच्या पुस्तकात या चळवळीची आणि तिच्या संस्थापिकेची आदराने दखल घेतली आहे. त्याच वर्षी २ जानेवारीला म्युनिकमध्ये त्यांनी शोनबर्ग यांच्या रचना ऐकल्या, त्या मैफलीवर लगेच एक चित्र रंगवले आणि काही दिवसांतच संगीतकाराला पत्र लिहिले. पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या प्रसिद्ध वार्षिकात शोनबर्ग यांचा लेख आणि एक गीत छापले गेले, तसाच रशियन संगीतकार स्क्रियाबिन यांच्या ‘प्रोमेथियस’ या रचनेवरचा लेखही. या रचनेच्या स्वरलिपीत वाद्यांच्या बरोबरीने रंगीत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिलेली आहे. मॉस्कोत १९११ मध्ये झालेला पहिला प्रयोग प्रकाशाविनाच पार पडला, आणि मार्च १९१५ मध्ये न्यूयॉर्कला रंगांसह प्रयोग झाला, त्यानंतर काही आठवड्यांतच स्क्रियाबिन वारले. हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालणारा आणि माणसाचे रूपांतर घडवणारा एक सोहळा रचण्याचे त्यांच्या मनात होते, पण त्याची काही पानेच मागे राहिली. मोन्द्रियान यांनी १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे सदस्यत्व घेतले होते. हे सारे सर्वज्ञात आहे, आणि यामुळे यांपैकी कोणाच्याही कलावंतपणाविषयी कोणी शंका घेतलेली नाही.

स्टॉकहोमच्या कला अकादमीतून १८८७ मध्ये शिक्षण पूर्ण केलेल्या आफ क्लिंत निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढून चरितार्थ चालवत. १८९६ पासून चार मैत्रिणींसह त्या नियमित बैठका घेत. प्रार्थना, ध्यान आणि त्यानंतर परलोकातल्या मार्गदर्शकांचे संदेश टिपणे असा त्या बैठकांचा क्रम असे. अशाच एका संदेशातून मंदिरासाठी चित्रे काढण्याचे काम त्यांनी स्वीकारले आणि १९०६ ते १९१५ या काळात १९३ चित्रे पूर्ण केली. त्यांतली १९०७ ची दहा चित्रे प्रत्येकी सव्वातीन मीटरच्या आसपास उंच आहेत आणि बालपणापासून वार्धक्यापर्यंतच्या अवस्था त्यांत वेटोळी, पाकळ्या, अक्षरे आणि निळ्या-पिवळ्या रंगांतून येतात. निळा रंग स्त्रीतत्त्वाचा, पिवळा पुरुषतत्त्वाचा, असा त्यांचा संकेत होता. ही चित्रे आपल्यामार्फत, कच्च्या रेखाटनाविना थेट रंगवली गेली, असे त्यांनीच लिहून ठेवले. मृत्यूनंतर वीस वर्षे लोटेपर्यंत हे काम लोकांसमोर आणू नये, अशी सूचनाही त्यांनी नोंदवून ठेवली होती.

२०१२ च्या निर्णयामागची कारणे त्यांच्या याच दोन नोंदींवर उभी होती. अमूर्त कला हा एकमेकांना ओळखणाऱ्या, एकमेकांची चित्रे पाहणाऱ्या आणि संगीत ऐकणाऱ्या लोकांच्या जाळ्यातून लागलेला शोध आहे आणि आफ क्लिंत त्या जाळ्याबाहेर होत्या, हे एक कारण. दुसरे अधिक खोलवर जाणारे आहे: त्यांनी स्वतः या चित्रांना कलाकृती मानले होते का, याविषयी आयोजकांना खात्री नव्हती. पहिले कारण निदान इतिहासलेखनाची एक पद्धत म्हणून समजून घेता येते. प्रभावाचा इतिहास लिहायचा असेल तर ज्याचा प्रभाव कोणावर पडलाच नाही त्याला वगळणे सुसंगत आहे, आणि या बाजूने बोलणाऱ्यांना केवळ पुरुषी अहंकाराचे प्रतिनिधी ठरवणे अन्यायाचे होईल. दुसरे कारण मात्र तपासून पाहिले की टिकत नाही. परलोकातल्या मार्गदर्शकांचे माध्यम म्हणून काम केल्याचा त्यांचा दावा प्रामुख्याने १९०८ पर्यंतच्या चित्रांना लागू होतो. मधली चार वर्षे अंध आईच्या शुश्रूषेत गेल्यावर १९१२ पासून पुन्हा सुरू केलेले काम आपण अधिक स्वतंत्रपणे केल्याचे त्यांच्या नोंदी सांगतात. त्यांनी सारे लपवूनच ठेवले ही समजूतही पूर्ण खरी नाही, कारण १९२८ मध्ये लंडनच्या एका अध्यात्मविषयक परिषदेत त्यांनी यांतली काही चित्रे नेऊन दाखवली होती. शिवाय आपण आपल्या बळावर बोलत नाही असे सांगणाऱ्या तुकोबांना कवी म्हणताना मराठी वाचक क्षणभरही अडखळत नाही, तेव्हा कर्तेपण नाकारणे म्हणजे कला नाकारणे हे गृहीतक आपल्याला तरी सहज पटू नये.

या गृहीतकाचा उगम अमेरिकेतल्या कलासमीक्षेत आहे. २०१२ चे प्रदर्शन भरवणाऱ्या संग्रहालयानेच १९३६ मध्ये अमूर्त कलेची जी प्रसिद्ध वंशावळ छापली, तिच्यात घनवाद (क्युबिझम) होता, यंत्रांचे सौंदर्य होते, पण थिऑसॉफी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर गूढवादाचे नाव काढणेच अडचणीचे झाले आणि कांदिन्स्की यांच्या पुस्तकातला तो भाग समीक्षक ओलांडून पुढे जाऊ लागले. संगीताच्या वाट्याला ही अडचण फारशी आली नाही, कारण युरोपीय संगीताचा मोठा भाग मुळात चर्चसाठीच रचलेला होता. फ्रेंच संगीतकार मेसियाँ यांनी तर आपल्याला गूढवादी म्हणण्याला आक्षेप घेतला, मात्र आपल्या रचना कॅथलिक श्रद्धेतून आल्या हे त्यांनी कधी दडवले नाही आणि त्यामुळे त्यांचे स्थानही ढळले नाही.

आफ क्लिंत यांच्या पुतण्याकडे बाराशेहून अधिक चित्रे आणि सुमारे २६,००० पानांच्या वह्या आल्या. १९७० च्या सुमारास त्या स्टॉकहोममधल्या एका संग्रहालयाला देऊ करण्यात आल्या तेव्हा नकार मिळाला. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका प्रदर्शनात अमूर्त कलेचे आध्यात्मिक मूळ प्रथमच मोठ्या प्रमाणावर मांडले गेले आणि तिथे त्यांची चित्रे जगापुढे आली. त्यावर न्यूयॉर्कच्या एका वजनदार समीक्षकाने या निव्वळ रंगीत आकृत्या आहेत आणि त्यांना कांदिन्स्कींच्या पंक्तीला बसवणे हास्यास्पद आहे, असा शेरा मारला. १९११ ते १९१३ मधल्या कांदिन्स्कींच्या चित्रांतही घोडेस्वार आणि टेकड्यांवरचे मनोरे ओळखू येतात, आणि आपण जगातले पहिले अमूर्त चित्र काढले असा दावा त्यांनी स्वतः १९३५ मध्ये आपल्या न्यूयॉर्कच्या चित्रविक्रेत्याला लिहिलेल्या पत्रात केला होता, हे या शेऱ्यासोबत वाचायला हवे. १९१० अशी तारीख असलेले त्यांचे जलरंगातले चित्र काही अभ्यासकांच्या मते १९१३ चे आहे.

२०१३ मध्ये स्टॉकहोमच्या त्याच संग्रहालयाने, ज्याने पूर्वी नकार दिला होता, मोठे प्रदर्शन भरवून ते युरोपात फिरवले. २०१८–१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुसऱ्या संग्रहालयात त्यांची चित्रे सहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिली, आणि तो त्या संस्थेचा उच्चांक ठरला. आफ क्लिंत यांनी कल्पिलेले मंदिर सर्पिल होते आणि ही इमारतही सर्पिल आहे. या संग्रहालयाच्या पहिल्या संचालिकेने १९४३ मध्ये वास्तुविशारदाकडे आत्म्याचे मंदिर मागितले होते, त्यामुळे हा योग अगदीच आकस्मिक म्हणता येत नाही.

प्रसिद्धीबरोबर नवे प्रश्नही आले. मंदिराच्या चित्रांपैकी काही बैठकीतल्या मैत्रिणींच्या हातची असावीत असे काही अभ्यासक वह्यांच्या आधारे मांडू लागले आहेत, आणि मग एकट्या अग्रदूत स्त्रीची जी कथा प्रदर्शनांनी रूढ केली तीच डळमळीत होते. दुसरा प्रश्न मालकी आणि हेतूचा आहे. त्यांच्या चित्रांसाठी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाच्या घटनेत ही चित्रे अध्यात्माच्या जिज्ञासूंना उपलब्ध असावीत अशा आशयाची तरतूद आहे. तिचा अर्थ काय घ्यायचा यावर गेल्या काही वर्षांत प्रतिष्ठानाच्या आतच उघड मतभेद झाले आहेत. कुटुंबातल्या एका बाजूचे म्हणणे असे की ही चित्रे संग्रहालये आणि विक्रीदालने यांच्यासाठी नव्हतीच, ती साधकांसाठी एखाद्या मंदिरात असायला हवीत. २०१२ मध्ये ज्यांनी या चित्रांना कला म्हणून प्रवेश नाकारला त्यांचा युक्तिवाद आता, उलट्या हेतूने, चित्रकर्तीच्या वारसांच्या तोंडून ऐकू येतो आहे.