पट्टकृमी (मानवी संसर्ग)

माणसाच्या व इतर प्राण्यांच्या आतड्यात राहणारा, फितीसारखा लांब आणि चपटा परजीवी जंत. बोलीभाषेत त्याला चपटा जंत किंवा टेपवर्म म्हणतात. त्याला तोंड नसते आणि आतडेही नसते. आपण पचवलेले अन्न तो सर्वांगाच्या त्वचेतून शोषतो. टाचणीच्या डोक्याएवढे त्याचे शीर्ष चार चूषकांनी आतड्याच्या अस्तराला धरून बसते आणि मानेतून खंडामागून खंड फुटत जातात. शेवटचे खंड अंड्यांनी भरले की तुटून शौचावाटे बाहेर पडतात. भोपळ्याच्या बीसारखे हे पांढरे, चपटे तुकडे दिसेपर्यंत पुष्कळांना संसर्गाचा पत्ताच नसतो. पोटात बारीक दुखणे, मळमळ, भूक कमीजास्त होणे एवढीच काय ती लक्षणे.

डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम २ ते ७ मीटर वाढतो आणि त्याच्या शीर्षावर चूषकांखेरीज हुकासारख्या आकड्यांचे कडे असते. गोवंशाच्या मांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा त्याहून लांब होतो, पण तो आतड्यापुरताच राहतो. वामन पट्टकृमी जेमतेम १५ ते ४० मिलिमीटरचा असतो. त्याला डुक्कर-गायीसारख्या मधल्या प्राण्याची गरज नसल्याने तो हातातोंडावाटे एका पोराकडून दुसऱ्याकडे जातो. माशांतून येणारा पट्टकृमी मुख्यतः थंड प्रदेशातला. गोदाकाठी माशाचे कालवण रटरटा शिजवून खाणाऱ्याने त्याची धास्ती घेऊ नये.

मराठवाड्यात या विषयावर बोलताना ‘आम्ही माळकरी, आमच्या घरात हे कुठून येणार?’ असा प्रश्न हमखास येतो. टीनिया सोलियम माणसात दोन वाटांनी शिरतो आणि दोन्हींचे परिणाम वेगळे असतात. कच्चे राहिलेले, अळ्या असलेले डुकराचे मांस खाल्ले तर आतड्यात जंत वाढतो. १८५५ साली जर्मनीत फ्रीडरिख क्यूखेनमाइस्टर या डॉक्टरने देहदंडाच्या कैद्याला असे मांस खाऊ घातले आणि नंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी दाखवून दिले. प्रयोग अमानुष होता, पण नाते सिद्ध झाले. दुसरी वाट अंड्यांची. एका खंडात पन्नास हजारांच्या आसपास अंडी असतात. ती माणसाच्या विष्ठेतून मातीत, ओढ्यात, भाजीवर जातात. जंत बाळगणाऱ्याच्या न धुतलेल्या हातांनी भाकरीवरही येतात. अंडे पोटात गेले की त्यातली सूक्ष्म अळी रक्तातून स्नायूत, डोळ्यात, मेंदूत पोहोचते आणि तिथे पाण्याने भरलेली गाठ धरते. या वाटेत मांस कुठेच नाही. शेतातून उपटून तशीच तोंडात टाकलेली कांद्याची पात किंवा कोथिंबीर तेवढी पुरते.

मेंदूतल्या या गाठीला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. ती वर्षानुवर्षे गप्प राहू शकते. अळी मरू लागली की भोवती सूज येते आणि बहुधा तेव्हाच पहिली फिट येते. हा रोग जिथे मुरलेला आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गावाकडे फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, मग बाहेरचे काही लागले म्हणून देवऋषी बघतात. झटका आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. मग सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, नांदेड, लातूरचे सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. भारतीय रुग्णांत बरेचदा एकच लहान गाठ दिसते आणि पूर्वी ती सर्रास क्षयाची समजली जाई.

आतड्यातल्या जंतावरचा उपचार सोपा आहे. प्राझिक्वांटेल शरीराच्या किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, एकदाच, किंवा निक्लोसामाइड. वामन पट्टकृमीला प्राझिक्वांटेल किलोमागे २५ मिलिग्रॅम लागते. एक आणि तीन महिन्यांनी शौचाची तपासणी पुन्हा करतात, कारण शीर्ष आत राहिले तर जंत नव्याने वाढतो. मेंदूत गाठ असलेल्याला मात्र जंताचे औषध मनाने देणे धोक्याचे. अळ्या एकदम मेल्या की सूज वाढून फिट येते. म्हणून आधी डोळे तपासून, स्टेरॉइडच्या आधाराने आणि फिटच्या गोळ्यांसह अल्बेंडाझोल देतात. गाठ चुन्यासारखी कडक झाली असेल तर जंतनाशकाचा उपयोग नाही. फिटच्या गोळ्या तेवढ्या लागतात.

१० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी गोल, चाबूक आणि अंकुश कृमींसाठी आहे. ती जरूर घ्यावी, पण तिच्या एका मात्रेवर पट्टकृमीचा भरवसा धरू नये. वावडिंग घराघरात आहे आणि डाळिंबाच्या मुळाची साल जुन्या वैद्यकात पट्टकृमीवर नावाजलेली. सालीतला पेलेटिएरिन हा अल्कलॉइड १८७८ मध्ये वेगळा काढला गेला. तो विषारीही आहे, तेव्हा शेतात बाग आहे म्हणून काढा उकळू नये.

प्रतिबंधाचा पहिला नियम मांसाचा. अळ्या असलेले मांस चिरले की साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. ते घेऊ नये. अखंड तुकडा आतपर्यंत किमान ६३ अंश सेल्सिअस तापवून तीन मिनिटे तसाच ठेवावा, खिमा ७१ अंशांपर्यंत. भाजी वाहत्या पाण्याखाली पानन् पान चोळून धुवावी, असे पुस्तकात असते; टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर वाहते पाणी कुठून आणायचे? तिथे भाजी शिजवूनच खाल्लेली बरी.

खरी नाडी गोदरीत, म्हणजे उघड्यावरच्या शौचाच्या जागेत आहे. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, तरी बीडहून ऊसतोडीला गेलेले कुटुंब हंगामभर साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहते आणि कोपीला संडास नसतो. मोकाट डुकरे जिथे माणसाची विष्ठा खातात तिथे चक्र पूर्ण होते. डुकरांसाठी ऑक्सफेंडाझोल हे औषध आहे, टीएसओएल१८ ही लसही आहे आणि ती हैदराबादच्या कारखान्यात बनते. पण उकिरड्यावर चरणारे डुक्कर लसीसाठी धरायचे कोणी आणि ते कोणाचे, हे आधी ठरावे लागते.