रिकव्हरिन की जीकॅप-१?

रिकव्हरिन हे नाव पडलं एका गैरसमजातून. उजेडाने उद्दीपित झालेली दृष्टिपटलातली दंडपेशी पुन्हा पूर्ववत होते, ती हे प्रथिन ग्वानिलेट सायक्लेज या विकराला चेतवतं म्हणून, असं १९९१ मध्ये वाटलं होतं. दोनेक वर्षांत तो दावा बारगळला. सायक्लेजला चेतवणारं प्रथिन, जीकॅप-१, पुढे १९९४ मध्ये हाती लागलं. तोवर रिकव्हरिनचं बारसं होऊन गेलं होतं.

दोघांचा चेहरामोहराही फसवा. कूळ एक, लांबी दोघांची सुमारे २०० अमिनो आम्लं. दोघांतही ईएफ-हँड नावाच्या चार घड्या: अंगठा आणि तर्जनी ताणावी तशी दोन सर्पिलं, मधल्या बेचक्यात कॅल्शियम. पहिला 'हात' मात्र दोघांचाही निकामी. रिकव्हरिन दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात कॅल्शियम धरतं. जीकॅप-१ चा चौथाही चालतो.

खरी खूण शेपटीत आहे. (ती साखळीच्या सुरुवातीला असते, पण शेपटीच म्हणू.) ही १४ कार्बनच्या मिरिस्टिक आम्लाची, त्याचं नाव जायफळाच्या शास्त्रीय नावावरून आलेलं. कॅल्शियम नसताना रिकव्हरिन ती पोटात दडवतं. दोन आयन बसले की रेणूचे दोन अर्धे एकमेकांच्या तुलनेत ४५ अंशांनी फिरतात, शेपटी बाहेर पडून पेशीतल्या चकतीच्या पटलात रुतते आणि उघड्या पडलेल्या खाचेत रोडॉप्सिन कायनेज (प्रकाश टिपणाऱ्या रोडॉप्सिन या प्रथिनाला शांत करणारं विकर) अडकतं. 'कॅल्शियम लागलं की शेपटी बाहेर' हे सूत्र मग सगळ्या कुळाला चिकटवलं जातं. जीकॅप-१ तिथे बसत नाही. २००७ च्या स्फटिकरचनेत कॅल्शियम बसलेलं असूनही त्याची शेपटी आतच दिसली.

अंधारात पेशीत कॅल्शियम जास्त असतं, तेव्हा एक कायनेजला रोखतं, दुसरं सायक्लेजला. उजेडात कॅल्शियम घटलं की कायनेज सुटतं आणि रोडॉप्सिनला शांत करू लागतं. जीकॅप-१ मध्ये कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम येतं आणि सायक्लेज चालू होतं. म्हणजे रिकव्हरिनचं नाव अगदीच वाया गेलं नाही.

आजार मात्र दोघांचे अगदी वेगळे. फुप्फुसाच्या स्मॉल-सेल कर्करोगात काही रुग्णांचं शरीर रिकव्हरिनविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि कधी कधी कर्करोगाचं निदान व्हायच्या आधीच दृष्टी जाऊ लागते. जीकॅप-१ चा आजार आनुवंशिक: ९९ व्या जागी टायरोसिनऐवजी सिस्टीन आलं की कॅल्शियम वाढूनही सायक्लेज पुरतं थांबत नाही, आणि शंकूपेशी हळूहळू मरत जातात.