एलायझा ऐकत होती का?

कृत्रिम बुद्धिमत्तेची गोष्ट २०२२ च्या चॅटजीपीटीपासून सांगायची सध्या पद्धत आहे. पण बोलणाऱ्या यंत्रात माणूस किती चटकन गुंततो, हे त्याआधी ५६ वर्षं दिसलं होतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाच्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या नायिकेचं. (आपल्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा जिच्यावर बेतली, तीच ही.)

एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका करायची. टाइप केलेल्या वाक्यातला ठरावीक शब्द हेरायचा, ‘माझं’चं ‘तुमचं’ करायचं आणि वाक्य उलटून समोरच्यालाच विचारायचं. कुणी आईचा विषय काढला, की घरच्यांबद्दल आणखी सांगा म्हणायचं. काहीच हाती लागलं नाही, तर नुसतं ‘बरं, पुढे?’ अशा थाटाचं काहीतरी. आई म्हणजे कोण, याचा तिला पत्ता नव्हता. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हे काम कित्येक महिने डोळ्यांदेखत पाहिलं होतं. तरीही एलायझाशी थोडं बोलणं होताच त्यांनी वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ते हादरले आणि पुढे या क्षेत्राचे कडवे टीकाकार झाले.

चॅटजीपीटीमागे असतात तशा आजच्या भाषा-मॉडेलांना असे नियम कुणी हाताने लिहून देत नाही. अफाट मजकूर पुरवून, आधीच्या शब्दांपुढे काय येण्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यांच्याकडून घोटून घेतला जातो. अंदाज चुकला की आतले आकडे किंचित बदलतात. एवढ्यातून भाषांतर आणि प्रोग्रॅमिंग जमू लागतं, म्हणून ‘नुसती पोपटपंची’ हा शेरा मला पटत नाही. मात्र शोभणारं वाक्य खरं असेलच असं नाही.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आव्हियान्का विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले. नावं, उतारे, सगळं साग्रसंगीत. खटले मात्र कधी झालेच नव्हते. गंमत म्हणजे, त्यातला एक खटला खरा आहे ना, असं वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने होकार भरला होता. ५,००० डॉलर दंड झाला. यंत्राची मदत घेण्यात मुळात गैर काही नाही, पण खातरजमा वकिलानेच करायची, असं न्यायाधीशांनी बजावलं.

मराठीत हा धोका जास्त. मॉडेलांना शिकायला मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा, आणि उत्तराचा सूर मात्र तितकाच ठाम. सातबाऱ्यावरच्या बोज्याविषयी किंवा औषधाच्या मात्रेविषयी विचारणाऱ्याला त्या सुरावरून काहीच ओळखता येत नाही.